एकशे सदतीस सेंटीमीटर

एकतीस वर्षं मी जमिनी मोजल्या.
करवीर, पन्हाळा, शाहूवाडी.
माझी साखळी पडली की
भाऊ भावाशी बोलायचा थांबायचा.
आता पाच मीटरची कापडी टेप आहे
आणि समोर कुणीच वादी नाही.

ताराबाई पार्क. झाड क्रमांक बेचाळीस, रेन ट्री.
सायरा मुल्लाणी टेपचं टोक धरून
खोडामागं जाते, दिसेनाशी होते.
"काका, बरोबर आलं?"
"तुझ्या अंगानं खाली उतरलीय. वर घे.
अजून एक बोट. हां."

जमिनीपासून एकशे सदतीस सेंटीमीटर.
याला म्हणायचं छातीची उंची.
कुणाची छाती, ते नियमात नाही.
माझ्या ती काखेत येते,
सायराच्या हनुवटीला.
वेल असेल तर टेप तिच्या आतून सरकवायची,
वेल तोडायची नाही.

उंचीसाठी तिचं स्वतःचं यंत्र:
कंपासपेटीतला कोनमापक, रसाच्या गाड्यावरची स्ट्रॉ,
दोरा, आणि दोऱ्याला
उद्यमनगरातल्या अब्बांच्या लेथवरचा नट.
वारा आला की नट झुलतो.
आम्ही थांबतो.

थांबलेल्या माणसांपाशी रिक्षा थांबतेच.
"तोडायचं ठरलं व्हय?"
"न्हाई."
"मग मोजताय कशाला?"

घेर चारशे अकरा पॉइंट चार.
गेल्या वर्षीच्या कागदावर चारशे बारा.
"काका, झाड लहान कसं होईल?
बाराच लिहू या ना."

सत्त्याऐंशी साली, वडणग्याच्या एका बांधावर,
मी अर्धा हात जमवून घेतला होता.
बेरीज जुळली. सह्या झाल्या.
कुणाला कळलं नाही
माझ्याशिवाय.

"परत धर," म्हणालो.
चारशे अकरा पॉइंट सहा.
परत. पॉइंट चार.
तिन्ही लिहिले, एकाखाली एक,
आणि शेऱ्यात: साल गळाली असावी,
किंवा गेल्या वर्षी टेप तिरकी होती.
टेप मीच धरली होती.
तेही लिहिलं.

रिक्षा अजून तिथंच.
"किती भरलं?"
"चारशे अकरा पॉइंट चार."
"म्हंजे लई का कमी?"
सायरा टेप गुंडाळत होती,
हाताला लागलेला शेवाळाचा हिरवा चुरा
तिनं झाडालाच पुसला.
"तेवढंच हाय," ती म्हणाली.