निधान

दारापुढं जागा ती केवढी?
नऊ फूट रुंद, अकरा फूट लांब,
एका कडेला पाण्याचा मीटर,
दुसऱ्या कडेला सावक्काची भिंत, वर काचा रोवलेल्या.
घर बांधून उरलेली माती ही.
खडी वेचली, सिमेंटची ढेकळं वेचली,
तरी खुरपं अजून कुठंतरी खणकन वाजतं.

पिरनवाडीच्या पुढं, खानापूर रस्त्याला
इराण्णाची नर्सरी.
हे थेट एका गवतापाशी जाऊन थांबले.
कमरेएवढं, बारीक पात्याचं,
वर जांभळट तुरे, मांजराच्या शेपटीगत.
वारा आला.
सगळं गवत एकदम वाकलं, एकदम उठलं,
आणि ह्यांचा हात खिशातून बाहेर आला,
दोन बोटं पुढं, अंगठा मागं,
तुटलेला धागा धरायला जातो तसा.

पंचेचाळीस वर्षं वडगावात माग चालवला ह्यांनी.
एक दिवस विचारलं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?
म्हणाले, कुठला कुकर?
तेव्हापासून वारा ह्यांना
दुसऱ्या कशाततरी बघावा लागतो.

मी बकुळीपाशी.
काळ्या पिशवीत गुडघ्याएवढं रोप, सात पानं.
पाटीवर कन्नडमध्ये रंजल,
माझ्या आईकडं, जांबोटीच्या बाजूला, ओवळ म्हणायचे.
गवताच्या पाटीवर नाव नव्हतंच,
नुसती किंमत.

इराण्णा म्हणाला, "हुल्लू बेगा, अक्का. मर निधान."
गवत लवकर. झाड सावकाश.
कन्नड मला येतं, बाजारापुरतं, बँकेपुरतं,
तरी तो शेवटचा शब्द कानात मराठीच पडला.
निधान.
कुणीतरी पुरून ठेवलेलं
आणि कुणाच्यातरी नातवाच्या नांगराला लागलेलं.
आम्हाला नातू नाही.
नांगर तर नाहीच.

फूल कधी येतंय?
आठ वर्षं. दहा पण.
मी सहासष्ट, हे एकाहत्तर.
हिशोब काही मोठा नव्हता,
मी तो केला नाही.
दुसरंच विचारलं: बारा महिने हिरवं राहील ना?
"राहतंय की. पानं गळतात पण, रोज दोन, रोज चार.
सगळी एकदम गळत नाहीत,
म्हणून कुणाला कळत नाही."

खुणेनं ह्यांना विचारलं, हे का हे?
त्यांनी गवताकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग माझ्या हातातल्या पिशवीकडं,
जी मी अजून खाली ठेवली नव्हती.
"तुला काय पायजे ते घे की!"
ऐकू न येणारा माणूस बोलतो तेवढ्या मोठ्यानं.
पाणी घालणारी दोन पोरं वळून बघायला लागली.
मी पैसे दिले.

बसमध्ये रोप मांडीवर.
पिशवीचं पाणी झिरपून लुगडं भिजलं.
गवत काय, पुढच्या वर्षी पण मिळेल, म्हणाले मी,
ह्यांच्या बाजूला तोंड न करता.

आषाढात वारा सुटला तसं
सावक्काच्या पत्र्यावरची वीट खाली आली.
रोप आडवं झालं.
ह्यांनी कळकाची काठी रोवली,
माळ्यावरची पेटी खाली काढली,
मागाबरोबर विकायची राहिलेली, ताण्याच्या सुताची.
निळं, अंजिरी, थोडं जरीचं.
तीन जागी बांधलं. विणकराची गाठ,
मला सोडवता येत नाही ती.

वरची टोकं कापायला मी कात्री दिली.
घेतली नाही.
हातभर लांब सुतं, वीसेक असतील,
तशीच मोकळी सोडली
आणि पायरीवर बसले.

सुतं एकदम वाकतात, एकदम उठतात.
सात पानं, आता आठ,
जरा हलून थांबतात.

चहा निवला म्हणून सांगायला
मी बाहेर आले होते.
कप तिथंच पायरीवर ठेवला.