त्रेचाळीस नंबरचे बूट

चित्रपटात खून आहे,
पण तो आमच्या वाट्याला थोडाच येतो.
आमच्या वाट्याला येतो जिना.
पडद्यावरची माणसं चालतात ती मुकी,
त्यांना पाय देते पिरोश्का,
बुडापेस्टच्या आठव्या वॉर्डात, एका तळघरात,
गुडघ्याला पट्टा बांधून, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.
हाड मोडायचं असेल तर सेलरीची जुडी पिळते.
बर्फ हवा असेल तर मक्याच्या पिठाची पिशवी
मुठीत दाबते, सोडते.
काचेच्या अलीकडे मी. काटा बघतो.
लाल रेषेला टेकला की बोट वर करतो.
एवढीच माझी कला.

या वेळची गोष्ट अशी :
तिसऱ्या मजल्यावर एक बाई, एकटी.
वर, चौथ्यावर, रात्रभर कोणी चालतं.
पुरुष. जड. आधी टाच टेकवणारा.
पोलीस येतात, कुलूप उघडतात,
आत धूळ,
आणि धुळीवर एकही पाऊल नाही.

शेवट कोणालाच ठाऊक नव्हता.
शेवटचं रीळ लोरांटनं स्वतःजवळ ठेवलं होतं.
म्हणाला, "मला वरून फक्त एक पुरुष ऐकू यायला हवा."

पिरोश्कानं घरून बूट आणले. एर्विनचे.
नंबर त्रेचाळीस. तिचा पाय सदतीसचा.
पुढे वर्तमानपत्र कोंबलं, नाड्या करकचून आवळल्या.
"डाव्या टाचेवर जरा रेंगाळायचा तो,"
इतकंच म्हणाली
आणि रेंगाळली.
माझ्या अंगावर काटा आला.
यंत्रातला मात्र जिथे हवा तिथेच होता.

बूट ती रोज घरी न्यायची.
एकटे राहत नाहीत ते, म्हणायची.

एकदा दुपारी, खसखशीची पोळी तोडता तोडता, सांगू लागली :
खालच्या मजल्यावर नवं जोडपं आलंय, डेब्रेत्सेनचं.
पोरगी काल जिन्यात भेटली, अवघडून बोलली,
राग मानू नका, पण तुमच्या यजमानांना सांगाल का,
रात्री जरा हलक्या पायांनी चालायला?
बाळ उठतं.
"मग तू काय म्हणालीस?"
"म्हटलं, सांगते."
आम्ही दोघं हसलो. मी जरा जास्तच.
एर्विनला जाऊन तेव्हा दोन हिवाळे झाले होते.

फेब्रुवारीत रीळ आलं.
चौथा मजला. पुरुषी कोट. बूट.
कॅमेरा बुटांवरून वर चढतो, घाई न करता,
आणि कॉलरच्या वर
त्याच बाईचा चेहरा.

लोरांटला घाम फुटला होता.
"सगळी पावलं पुन्हा घ्यावी लागणार.
बूट पुरुषाचे, वजन बाईचं.
कान देऊन ऐकेल त्याला
पहिल्याच दृश्यात सापडायला हवी ती.
महिना जाईल."

मी पहिलं रीळ लावलं. आवाज वाढवला.
टाच, जड.
आणि टाचेच्या पोटात, किंचित उशिरा,
मोकळ्या चामड्यात मागे सरकणारं
एक लहान पाऊल.
होतंच ते. पहिल्या दिवसापासून.
काटा बघत बसलो होतो मी, ऐकत नव्हतो.

लोरांटनं तिचे दोन्ही हात धरले.
"तुम्हाला शेवट माहीत होता?"
ती गुडघ्याचा पट्टा सोडत होती.
"कसला शेवट?"

सामान आवरताना बूट मी उचलले.
तळघरातली फळी गुळगुळीत,
तिच्यावर जन्मभर चाललं तरी तळवा असा झिजत नाही.
डाव्या टाचेत विटकरी कच रुतली होती.
तिच्या इमारतीत, आतल्या चौकाभोवतीच्या सज्जात,
त्याच रंगाची फरशी आहे. मी पाहिली आहे.
एर्विनला खाली आणलं, त्या दिवशी.

मी कच तशीच ठेवली.
पिशवीचं तोंड बांधून तिच्या हातात दिली,
म्हटलं, जपून जा, पायऱ्यांवर बर्फ आहे.

दारात वळून ती म्हणाली,
"सांगितलं मी त्याला.
ऐकतच नाही."