घट

पादरा रस्त्यावर, फाटकाच्या अलीकडे, आमचा वजनकाटा.
सोळा वर्षं मी या खिडकीत बसते.
ट्रक चढतो, आकडे थरथरतात, मग थांबतात.
भरलेलं वजा रिकामं:
या शहराबद्दल मला एवढंच नीट समजतं.

सकाळी पापडी, वांगी, तूर.
दुपारी तांब्याच्या तारेची भेंडोळी मकरपुऱ्याकडे,
तिथे ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात,
आमचे हेही गुंडाळायचे, डोळे साथ देत होते तोवर.
आणि रात्री उशिरा, बंदरावरून, पोटॅश.
तांबूस. मिठात तिखट सांडल्यासारखं.

पोत्यावर कॅनडा छापलेलं असतं.
भीखाभाई स्टेअरिंगवरून ओरडतो, बेन, आ क्यां आव्युं?
मी सांगते, आमची ऋजुता राहते ना, तिथे.
जणू बाजवाच्या पुढचं स्टेशन.

ऋजुता म्हणजे हेरंबदादाची. दांडिया बाजारात वाढली,
आता सास्कटूनला खाणीच्या कंपनीत हिशेब बघते.
जमिनीखाली किलोमीटरभर
एक वाळलेला समुद्र आहे म्हणे, तो खणून काढतात.
वर गाव. गावातून नदी.
हिवाळ्यात काठाकाठाने गोठते, मधून वाफ निघत राहते.

आणि आपली विश्वामित्री कशी आहे, आत्या?
काय सांगणार. आहे.
काळा घोड्याच्या पुलाखाली मगर ऊन खाते,
लोक कठड्यावर शेंगा खात तिला बघतात.
दोन वर्षांपूर्वीच्या पुरात ती
कुणाच्या तरी पार्किंगमध्ये, स्कूटरच्या बाजूला, निजली होती.
गोठत काही नाही इथे.
मकरपुऱ्याची पेमेंटं सोडली तर. ती नव्वद दिवस.

मंगळवारी ट्रक चाळीस किलो कमी भरला.
एक पोतं फाटलं, भीखाभाई म्हणाला, जंबुसरपासून पेरत आलोय.
मी रकान्यात लिहिलं: घट, चाळीस.

त्याच रात्री तिचा फोन.
भाव पडलेत, आत्या. खाणीचा एक भाग बंद केला.
आमच्या मजल्यावरची अकरा माणसं.
मी विचारलं, आणि तू?
ती म्हणाली, बाहेर उणे सत्तावीस आहे.
मग कुकरची शिट्टी झाली, तिकडची की इकडची,
तेवढ्यात लाइन गेली.

सकाळी जशभाई आला, ट्रॅक्टर चालू ठेवूनच.
पोत्यामागे एकशे दहा उतरले, बेन!
यंदा केळीला हात आखडायचा नाही.
मुलीच्या नर्सिंगची फी सुटली.
खिडकीतून पेढ्यांचा पुडा आत सरकवला.
मी एक घेतला. ताजा होता.
दुसराही घेतला.

दुपारी काटा रिकामा असताना पाच किलो दाखवू लागला.
कुत्रं नाही, कुणी उभं नाही, चिखलही नाही.
झाडून घेतलं. पाणी मारलं.
पाच किलो.

मिस्त्रीला फोन लावला.
तो म्हणाला, घाई काय आहे?
भरल्यातही पाच, रिकाम्यातही पाच,
वजाबाकीत आपोआप उडून जातात,
पावतीवर कुठे दिसायचेच नाहीत.

मला ठाऊक आहे, म्हटलं.
तरी येऊन बघ.