उलट्या हातानं

चौतीस वर्षं खांब उभे केले मी
लोकांच्या गावात.
आता आपल्याच सांदवाडीत, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर,
चार बांबू रोवायचे होते फक्त.
दोडक्याचा मांडव.

बांबू आणले बुरडाच्या घरून, सायकलला बांधून,
मागची टोकं डांबरावर घासत.
एक वाकडा निघाला.
तो विहिरीकडच्या कोपऱ्याला दिला,
तिकडं कोण बघतं.

सब्बल मारली. वीतभर काळी माती, मग मुरूम,
मग एक चप्पल, प्लास्टिकची, उजव्या पायाची,
चार बोटं लांब.
कोणाची ते इंद्रकलाला लगेच कळलं.
धुऊन तिनं कुंपणावर वाळत ठेवली.

खांबाचा सहावा हिस्सा जमिनीत हवा,
हे मी झोपेतही सांगेन.
दोरीला नट बांधून ओळंबा केला.
चार उभे, चार आडवे,
वर जस्ताची तार, वीत-वीत अंतरावर,
पक्कड अशी फिरवली की तार गुणगुणली.
खाली उभं राहून पाहिलं:
आभाळाचे सारखे चौकोन.

इंद्रकला आली, शेणाचे हात तसेच.
वर बघत राहिली.
"लाईन वढली का बाप्पा तुमी?
दोडक्याले करंट देता का?"
मग म्हणाली, "दुपारी धरून पाहा ते तार.
कोवळ्या वेलाले चटका बसते."

दुपारी धरून पाहिली.

तारेतून काय काय धावतं ते मला पाठ होतं.
ऊनही धावतं,
हे खात्यात कोणी शिकवलं नव्हतं.

तार उतरवली, वेटोळं करून खुंटीला टांगली.
वर तुराट्या पसरल्या, आडव्यातिडव्या.
अंबाडीच्या दोरीनं तिनं बांधल्या, तिच्या गाठीनं:
ओढली की सुटते, ओझं आलं की आवळते.
मला ती अजून जमत नाही.
शेजारचा ताराचंद चेटुले कुंपणावरून म्हणाला,
"कावळ्याचं खोपं झालं गा."
झालंच होतं.

बी रुजलं. दोन पानं, मग चार,
मग एका सकाळी एक तणावा,
शिवायच्या दोऱ्याएवढा,
तीन सरळ बांबू सोडून
वाकड्याला पोचला.

मी पुढं झालो आणि सवयीनं
उलट्या हातानं शिवून पाहिलं.
आम्ही असंच शिवतो, लाईन बंद असली तरी.
तळव्यानं धरलं आणि चालू निघाली
तर मूठ मिटते, सुटत नाही.
आमचा गोमाजी तसाच गेला, धान कापणीच्या दिवसांत.

बांबू गार होता, दवानं ओला.
वेलाचे अडीच वेढे झाले होते त्याच्यावर,
घट्ट,
मूठ मिटल्यासारखे.