निरंक

काम साधं. झाड गाठायचं, बुंध्याचा घेर लिहायचा,
पत्र्याचा बिल्ला खिळ्यानं ठोकायचा, पुढे निघायचं.
दिगदागाच्या रानात चारशे सोळा गाफ झाले
आणि उन्हानं वहीतली शाईसुद्धा पिकवली.

गाफ म्हणजे आपली शमी.
हे मला साहेबांनी सांगितलं नव्हतं,
पहिल्याच आठवड्यात काट्यानं सांगितलं.
इथली शमी खालून सरळ रेषेत कातरलेली असते,
उंटाची मान पोचते तिथवर.

चारशे सतरावी मात्र जमिनीला टेकलेली, चहूबाजूंनी.
टेप घेऊन जवळजवळ रांगतच आत शिरलो
आणि चपला काढाव्यात की काय, असं झालं.

वाळू झाडलेली होती.
दगडांचं रिंगण, एका माणसापुरती वाट सोडलेलं.
मधोमध गवंड्याची थापी, ओळंबा,
वेल्डिंगची काळी काच,
आणि एक पाणसळ. तिचा बुडबुडा बरोब्बर मध्ये.
म्हणजे ठेवतानाही कुणीतरी
खालची वाळू हातानं सारखी केली होती.
सगळ्यांवर हळद, भेगाळलेली.
करवंटी मुंग्यांनी पुसून ठेवलेली.

वर फांद्यांना चिठ्ठ्या, तीसचाळीस,
सिमेंटच्या गोणीचा कागद, सुतळीनं बांधलेला.
अक्षरं वाळत घातलेल्या कुरडयांसारखी. मला न येणारी.
एकीवर नुसते आकडे होते, ते आले वाचता.
तारीख. महिना. वर्ष यंदाचंच.
पुढे अंगठ्याएवढं एक पाऊल काढलेलं,
पेनानं, बोटं मोजून पाच.

दसऱ्याला एकवीस दिवस झाले.
त्या दिवशी मी खाटेवर पडून
फोनवर आलेली आपट्याची पानं
बावीस जणांना पुढे ढकलत होतो.

तक्त्यात रकाना आहे:
अनधिकृत वापर आढळल्यास नोंद करा, फोटो जोडा.

बाहेरून गुलनवाजची हाक, आत काय आहे?
म्हटलं, काही नाही.
तरी तो वाकलाच. बराच वेळ वाकलेला राहिला.
मग म्हणाला, आमच्या डेऱ्याकडे याला जंड म्हणतात,
आणि चहाचा थर्मास आणायला गेला.

माझी टेप मी थापीशेजारी ठेवली.
मिनिटभर.
मग उचलली. ऐंशी झाडं अजून बाकी होती.

बिल्ला ठोकला नाही. सुतळीनं बांधला, बाहेरच्या फांदीला.
लांबून आता तीही एक चिठ्ठीच वाटते.
वहीत लिहिलं:
चारशे सतरा. घेर एकशे बारा. प्रकृती उत्तम.
शेरा, निरंक.

निघताना गुलनवाजनं गाडी आल्या वाटेनं नेली नाही.
आधी उतरून
खजुरीच्या एका झावळीनं
आमच्याच चाकांच्या खुणा पुसत आला,
झाडापासून थेट रस्त्यापर्यंत,
आणि मला म्हणाला, बघत काय बसलास,
चहा ओत.