चौदा दिवसांत परत

तीन खोकी आणली मी केमीच्या दुकानातून,
पावत्या पाकिटात जपून. चौदा दिवसांत परत करता येतात.
बाहेर दुपारी दोनलाच दिवे लागलेले,
समुद्र गोठलेला, आणखी गोठायच्या बेतात.
माझे सासरे, आउलिस,
एकतीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टरमागे उभे राहिलेले,
चष्मा पुसून टीव्हीसमोर बसले
पेपर तपासायला बसावं तसे.

पहिलं: साबणाच्या वडीएवढं, स्वस्त.
"आभाळ बघ," म्हणाले, "संध्याकाळ आहे की जिना?"
खरंच, निळ्याचे पट्टे पडले होते एकाखाली एक,
रंग ओतायचा सोडून कुणी रचून ठेवल्यासारखे.
आणि काळा तर काळा नव्हताच,
धुऊन धुऊन विटलेलं कोटाचं अस्तर.

दुसऱ्यात माणसं चालताना अडखळत होती.
मला दिसेना.
"चोवीसची फिल्म साठात कोंबतोय हा,"
त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला:
तीन, दोन, तीन, दोन.
"लंगडतोय. कळत नाही तुला?"
मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली.

तिसरं महाग. किंमत अजून सिर्पाला सांगितलेली नाही.
ते लावलं आणि म्हातारा गप्प झाला.
पडद्यावर रात्र होती, रात्रीत झाड,
आणि त्या झाडामागे आणखी एक झाड,
जे आधीच्या दोघांनी गिळलं होतं.
"हा," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "हा काळा."
मी बाकीच्या दोन पावत्या वेगळ्या काढल्या.

केर्त्तू, माझ्या सासूबाई, सोफ्याच्या टोकाला विणत होत्या.
त्यांच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध डाग आहे,
तीन वर्षं झाली.
कडेकडेचं दिसतं. जे बघायचंय
तेवढं सोडून बाकी सगळं.
"ती बाई आहे का यात?" त्यांनी विचारलं.
कोण बाई?
"सांगणारी. तो दार उघडतो,
पत्र खिशात घालतो, असं सांगते ती."

शोधलं. महागड्या खोक्यात एकशे बारा अ‍ॅप्स:
योगासनं, घोड्यांच्या शर्यती, माशांची टाकी,
नुसती जळणारी शेकोटी दाखवणारं एक, तेही फोर-के.
बाईचं अ‍ॅप नाही.
दुसऱ्यात अ‍ॅप होतं, बाई नव्हती.
साबणाच्या वडीत दोन्ही.

मी काही बोललो नाही, रिमोटच्या पाठीवरचं झाकण
काढत-घालत बसलो.
आउलिस उठले, गुडघे वाजले,
तिसऱ्याची वायर त्यांनी स्वतःच उपसली
आणि इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळली, न बघता.
"परत कर. एवढा काळा घेऊन करायचंय काय?
बाहेर पडलाय मार्चपर्यंत पुरेल इतका."

मी निघालो तेव्हा दोघं बसली होती.
दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होतो,
आतून बाईचा सपाट आवाज येत होता:
माणूस किनाऱ्यावर उभा आहे. संध्याकाळ.

"कशी संध्याकाळ?"
केर्त्तूंनी विचारलं. बाईला नव्हे.

मी मान वळवून पाहिलं. पट्टे.
सात की आठ, दारातूनही मोजता येतील असे.
आउलिस खुर्चीत पुढे सरकले.
एका रिळाच्या एका ओरखड्यासाठी
भरल्या थिएटरातले दिवे लावून
लोकांची माफी मागितलेला माणूस.

"खाली नारिंगी आहे," ते म्हणाले,
"आणि मग, नेमकं कुठे ते सांगता येत नाही,
पण निळं होत जातं."