आडवे माझे

रत्नागिरीहून नऊची एसटी येते
तोवर पेपरची घडी दमटलेली असते.
कोडं पान सहावर, खालच्या कोपऱ्यात,
डिझेलच्या दरवाढीखाली.
जयगडच्या तिकीट-खिडकीत बसून
मी आडवे शब्द भरते.
उभ्यांना हात लावत नाही.
उभे याकूब मुकादमांचे.

ते पलीकडे, तवसाळच्या खिडकीत.
मधे शास्त्री.
हे नदीचं नाव, कुणा पंडिताचं नव्हे,
तरी आमचं कोडं रोज तिच्यासमोरूनच जातं.
दहा चाळीसच्या फेरीला
खलाशी पेपर बनियनमध्ये खुपसतो;
एक टेम्पो, चार मोटरसायकली,
कोळंबीच्या टोपल्या आणि माझे अर्धे शब्द
पलीकडच्या धक्क्याला लागतात.
दुपारी पुरे होऊन परततात
हिरव्या शाईत.

सात वर्षं झाली. भेटलो दोनदा.
एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नात,
पंगतीच्या या टोकाहून त्या टोकाला मान हलवून.
एकदा इंजिन बंद पडलं तेव्हा;
दोघंही खलाशांवर ओरडत होतो,
बोलायचं राहिलं.

काल कोड्याच्या डोक्यावर छापलेलं:
‘आज प्रत्येक शब्दाला दोन अर्थ.’
मला हसू आलं.
इथे एकच अर्थ आहे कशाला?

एक आडवा. दाखवतात, मोडतात, त्यात बसून जातात.
बोट.
पाच आडवा. माशाला टाकतात, माणसाला घालतात.
गळ. पेन न उचलता लिहिला.
लग्न कर म्हणून मावशीने मला
सहा पावसाळे घातली होती.
नऊ आडवा. रोज दोनदा येते, पोलिसांत कधीतरी निघते.
भरती. माझा भाऊ छाती कमी भरली म्हणून
अलिबागहून परत आला,
आता ट्रॉलरवर असतो. दुसऱ्या भरतीत.

अडले ते बारा आडव्याला.
‘जर’च्या मागून येते, नाहीतर खाडी ओलांडते.
दोन अक्षरं.
खाडी ओलांडते ती फेरीबोट,
आणि फेरीबोट दोन घरांत मावत नाही.
तेवढ्यात सुट्ट्या पैशांवरून
एक पुण्याचा गाडीवाला भांडायला आला.
दोन घरं रिकामी ठेवून मी पेपर पाठवला.

दुपारी हिरवी शाई आली.
दहा उभा, गढून गेलेला: रत.
शेजारी समासात बारीक अक्षरात,
‘बाई, याला दुसरा अर्थ सापडत नाही.
एकच पुरे.’
अकरा उभा, सुटला की लागतो, सुटला की मागे राहतो: तीर.
आणि त्या दोघांच्या पायाशी
त च्या शेजारी र,
मी न लिहिलेला,
त्यांनीही न लिहिलेला,
आपोआप जमलेला
तर.

जुनी गिऱ्हाइकं अजून खिडकीत वाकून विचारतात,
‘तर लागली काय गो बाय?’
दिवसातून वीसदा मी हो म्हणते.
आणि पेपरात विचारलं तर
मला आली नाही.

कितीतरी वेळ मी त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले.
‘जर’ला कोड्यात कुठेच घर नव्हतं.
शेवटच्या फेरीआधी खलाशाने
त्याच पानात पाव किलो सुकट बांधून नेली.
नको म्हणायचं सुचलं,
तोवर दोरी सुटली होती.

आज उत्तर छापून आलंय.
मी अजून पाहिलेलं नाही.
माझी खिडकी तशीही उत्तरेलाच उघडते:
आधी पाणी, मग धक्का, मग पत्र्याचं छप्पर,
छपराखाली डोकं वाकवलेला एक माणूस.
बसलाय की उभा,
एवढ्या लांबून कळत नाही.